गतसालच्या वाफ्यांची कैफियत

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले, की करवीरनगरीत ज्यांच्या घरामागे अद्याप चार हात मोकळी जमीन उरली आहे त्या सर्वांच्या मनात गतसालच्या परसबागेचे दप्तर आपोआप उघडते. आणि जेथे वांगी भरघोस लागली तो वाफा पुन्हा वांग्यांनाच बहाल करावा, व जेथे दोडक्याने दगा दिला तेथून दोडक्याला कायमचे हद्दपार करावे, असा निकाल साक्षीपुरावा न तपासताच दिला जातो. माझ्या मते हे दोन्ही निकाल फिरविण्यास योग्य आहेत.

दोडक्याची कैफियत प्रथम ऐकावी. आमच्या मांडवावर गेल्या पावसाळ्यात वेल दृष्ट लागावी असा पसरला, पिवळ्या फुलांनी बहरला, परंतु फळ म्हणून धरेना. या वेलाची नर आणि मादी फुले निरनिराळी; आरंभी भरणा बहुधा नरफुलांचा, आणि ती गळून पडणे हा सृष्टिक्रमच होय. पुढे मादीफुले दिसू लागली, तोच तरण्या पावसाने आणि त्याच्यामागून म्हाताऱ्याने अशी झड लावली, की परागवहन करणारे कीटक बाहेरच पडेनात. त्यातून हे फूल उमलते ते दिवस कलल्यावर. सबब यंदा सायंकाळी नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला लावण्याची तजवीज करावी. मांडव, माती व बियाणे यांत तूर्त काहीएक बदलू नये, म्हणजे कसूर कोणाची होती याची खातरजमा होईल.

वांग्यांचे यश मला अधिक संशयास्पद वाटते. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी आणि मर रोगाचे जंतू मातीत मुक्काम ठोकून असतात, व तेच कूळ त्याच वाफ्यात दरसाल नांदू लागले म्हणजे त्यांची प्रजा वाढत जाते. पहिल्या वर्षीच्या टोपल्या पाहून हुरळलेल्या गृहस्थाला तिसऱ्या वर्षी भर दुपारी माना टाकलेली रोपे दिसतात, आणि तो रोपे विकणाऱ्याला बोल लावतो.

शेजाऱ्याचा अनुभवही जपूनच घ्यावा. आपल्या एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, तर शिरोळला पाचशेच्या आसपास. तिकडच्या पाहुण्याने सांगितलेली पेरणीची तिथी इकडे कशी लागू पडावी? पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, की काठच्या परसांचा जमाखर्च तिथेच मिटतो. 2019 आणि 2021 साली तसेच घडले. त्या सालांवरून बियाण्याची पारख करणे अन्यायाचे होईल.

छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग करविले आणि राधानगरीच्या धरणाचेही काम हाती घेतले. चहाचे ते मळे आज राहिले नाहीत. धरण पूर्ण व्हायला त्यांच्या पश्चात कित्येक वर्षे लागली, आणि आमच्या तालुक्यांतील ऊस आज त्याच पाण्यावर पोसतो. एका हंगामाच्या हिशेबावर दोन्हींचा निकाल लावला असता, तर दोन्ही खात्यांवर तोटाच दिसला असता.

तेव्हा यंदा वांग्यांच्या वाफ्यात मका आणि कडेने झेंडू, असा बेत मी घरात जाहीर केला. झेंडूने सूत्रकृमींना आळा बसतो, हे कारणही सांगितले. “वांग्यांनी तुमचे काय घोडे मारले आहे?” असा सवाल स्वयंपाकघरातून तत्काळ आला. वांग्यांसाठी विहिरीकडची जागा सुचविली आहे; तेथे तूर्त कपडे वाळत घालण्याची दोरी आहे, आणि ती हलविण्याचा अर्ज अद्याप मंजूर झालेला नाही.