विकतचा पाहुणचार आणि पाहुण्याचें ऋण

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड आपले विद्यार्थी संस्कृताच्या तासाला शिकतात. आजचा अतिथि मात्र तिथि ठरवून, भाडें आगाऊ भरून आणि खोलीचें चित्र आधीं पाहून मगच घराबाहेर पडतो. त्याला जेथें जावयाचें असतें त्या स्थळास रिसॉर्ट म्हणण्याचा प्रघात आहे. मुंबई व पुणें या दोन मोठ्या शहरांच्या मध्यें वसलेले कर्जत आणि खालापूर हे तालुके अशा रिसॉर्टांनीं व फार्महाऊसांनीं दाटत चालले आहेत. सुट्टींत पुष्कळ कुटुंबांचीं पावलें तिकडे वळतात. कित्येक मुलांचीं तर घरेंच तेथें आहेत. म्हणून पाहुणे व यजमान या उभयतांना लागू पडणारा एक प्रश्न येथें विचारावासा वाटतो. पैसे मोजून मिळविलेल्या पाहुणचारानें पाहुण्याचें देणें फिटतें काय? माझ्या मतें तें फिटत नाहीं; आणि तसें कां, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

हवापालटासाठीं या मुलुखांत येण्याची चाल आजची नव्हे. 1850 सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे माथेरानच्या डोंगरावर चढले आणि त्या स्थळाचा ‘शोध’ लागला, असें पुस्तकांतून लिहिलेलें आढळतें. वास्तविक ठाकर, कातकरी व धनगर लोकांना त्या रानाच्या वाटा पूर्वींपासूनच ठाऊक होत्या. शोध लागला तो पाहुण्यांना. यजमान तेथें होतेच. पुढें 1863 सालीं बोरघाटांतील लोहमार्ग खुला झाला, 1907 सालीं आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या खटपटीनें नेरळ-माथेरानची छोटी गाडी धांवूं लागली, 2002 सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला व 2013 सालीं खोपोलीजवळ एक प्रचंड मनोरंजन-उद्यान उघडलें. प्रत्येक नव्या सोयीबरोबर पाहुणे वाढत गेले. यजमानांचें काय झालें, याची विचारपूस मात्र क्वचितच कोणी केली.

कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत कर्जत तालुक्यांतील अशाच एका रिसॉर्टांत दोन रात्री राहण्याचा योग आला. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जे गुणदोष तेथें दिसले ते बहुतेक ठिकाणीं थोड्याफार फरकानें आढळतात. प्रथम गुण सांगणें न्याय्य होईल. खोली स्वच्छ होती, नोकरवर्ग विनयशील होता, पहाटे पक्ष्यांचा कलरव ऐकूं येत असे, आणि शहराच्या धकाधकीनें शिणलेल्या मनास दोन दिवस खरोखरच विसांवा मिळाला. विश्रांति ही चैन नव्हे, ती गरज आहे, हें मी मनापासून मानतों.

आतां दुसरी बाजू. जाहिरातींत त्या स्थळाचें वर्णन उष्ण कटिबंधांतील बेटावरचा स्वर्ग असें केलेलें होतें. त्या स्वर्गाच्या सिद्धतेसाठीं दुरून आणलेल्या शोभेच्या ताडांची एक रांग लावली होती. तिची सावली एका माणसासही पुरली नसती. कुंपणाबाहेर मात्र खरा उष्ण कटिबंध आपल्या सर्व ऐश्वर्यानिशीं उभा होता. आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ आणि करवंदांच्या जाळ्या यांनीं टेकडी भरलेली होती. तिकडे जाणारी पायवाट कोठें आहे हें कचेरींत कोणासही सांगतां येईना. दहा वाजल्यानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावे असा नियम असतांही रात्रीं उशिरांपर्यंत गाण्यांचा गोंगाट चाले. शांततेसाठीं आलेले लोक शांततेचाच भंग करीत होते, आणि आसपासच्या वस्तींतील दिवसभर राबलेलीं माणसें तो मुकाट्यानें सोसत होतीं.

जेवण वाढणारा तरुण जवळच्याच एका कातकरी वाडींतला होता. मी पाणी मागितलें तेव्हां त्यानें थंड पाण्याची बाटली आणून ठेविली आणि बोलतां बोलतां म्हणाला, “साहेब, आमच्या वाडीची विहीर होळीनंतर तळाला जाते. आई पहाटेच उठून खालच्या ओढ्यांतल्या खड्ड्यावर हंडा भरायला जाते.” त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. ऋतुमानाविषयीं बोलावें तितक्या सहजपणें तो बोलला. समोर पोहण्याचा तलाव निळा झळकत होता आणि हिरवळीवर फवारे चालले होते.

ज्या तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें वैशाखांत विहिरी कोरड्या कां पडतात? सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसें पोटांत धरीत नाहीं, उतारही तीव्र आहेत. त्यामुळें पावसाचें बहुतेक पाणी उल्हास व पाताळगंगा या नद्यांवाटे खाडीकडे निघून जातें. उलटपक्षीं घाटमाथ्यावर टाटांच्या धरणांत अडविलेलें पाणी खोपोली (1915) व भिवपुरी (1922) येथील वीजगृहांतून वर्षभर खालीं उतरतें. खोपोलीचें पाणी पाताळगंगेस व भिवपुरीचें पेज नदीस मिळतें, म्हणून त्यांचे कांठ भर उन्हाळ्यांतही ओले राहतात. अनेक रिसॉर्ट या कांठांनाच धरून आहेत. वाड्या मात्र उंचावर आहेत. ज्याच्यापाशीं वीज व पंप आहे त्याला नदी जवळ, आणि जिच्या डोक्यावर हंडा आहे तिला तीच नदी दूर.

विद्यार्थ्यांनीं एक सोपें गणित करून पाहावें. 15 मीटर लांब, 8 मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटर खोल अशा तलावांत 1,50,000 लिटर पाणी मावतें. खेड्यांतील प्रत्येक माणसास रोज 55 लिटर पाणी मिळावें, असें 2019 सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेचें प्रमाण आहे. दोनशें वस्तीच्या वाडीस त्या हिशेबानें रोज 11,000 लिटर लागतात. म्हणजे एका तलावाचें पाणी त्या वाडीस तेरा दिवसांहून अधिक पुरेल. तलावांतील पाणी रोज बदलत नाहींत, तें गाळून पुन्हां वापरतात, हें खरें आहे. तेवढ्यावरून मालकास दोषी ठरविणें अन्यायाचें होईल. परंतु मिनिटास दहा लिटर पाणी सोडणाऱ्या फवाऱ्याखालीं जो पाहुणा दहा मिनिटें उभा राहतो, तो एका स्नानास शंभर लिटर, म्हणजे वाडींतील जवळजवळ दोन माणसांचें दिवसाचें पाणी घेतो. येथें मालकाचा हात नळावर नसतो, पाहुण्याचा असतो.

यावर कोणी म्हणेल, “मी पुरते पैसे मोजले आहेत, आतां माझ्यावर कसलें ऋण?” हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. खोली, अन्न, नोकरांचे श्रम यांचा मोबदला पैशानें होतो, हें कबूल. परंतु नदी, डोंगर, पाऊस आणि रात्रीची शांतता यांचा मालक रिसॉर्टवाला नाहीं. जें त्याच्या मालकीचें नाहीं त्याची किंमत त्याच्या पावतींत कशी येणार? तें ज्यांच्यापाशीं पिढ्यान् पिढ्या आहे त्या माणसांचें देणें पावतीबाहेर शिल्लक राहतें, आणि तें पैशाहून वर्तणुकीनेंच अधिक फिटतें.

त्याच पावसाची एक भयंकर बाजूही पाहुण्यानें विसरतां कामा नये. 19 जुलै 2023 च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकरवस्तीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हातीं लागले आणि 57 माणसें बेपत्ता राहिलीं. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदतीस जाणाऱ्यांना भर पावसांत डोंगर चढून जावें लागलें. जो पाऊस पाहण्यासाठीं आपण गाड्या भरभरून जातों, तो तेथील माणसांना रात्रभर जागें ठेवितो. धबधब्यांवरही दर पावसाळ्यांत उतावीळ तरुणांचे प्राण जातात, म्हणून प्रशासनास वेळोवेळीं मनाईहुकूम काढावे लागतात. ते मोडून जो पाण्यांत उतरतो त्याला शोधण्यासाठीं दोर घेऊन प्रथम धांवतात ते आसपासच्या गांवांतले तरुणच. त्यांच्या जिवाची जोखीम कोणत्या भाड्यांत धरलेली असते?

असें असलें तरी रिसॉर्ट नकोतच, असा माझा पक्ष नाहीं. कातकरी कुटुंबें भातकापणी आटोपली कीं वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात, आणि मुलेंही आईबापांच्या मागोमाग जातात. अशा मुलांची शाळा सुटते ती पुष्कळदां कायमचीच सुटते. त्या तरुणास बारमाही काम मिळाल्यामुळें त्याची धाकटी बहीण त्या वर्षीं घरीं राहून आठवीची परीक्षा देऊं शकली, असें त्यानेंच अभिमानानें सांगितलें. एका मुलीची शाळा टिकविणाऱ्या उद्योगास तुच्छ लेखणें मला शक्य नाहीं.

पण जो उद्योग इतकें करूं शकतो त्याच्यापासून आणखी थोडी अपेक्षा करणें गैर नाहीं. तेथें झाडलोट, बाग व पहारा हीं कामें स्थानिकांकडे होतीं. हिशेबाच्या मेजावर आणि देखरेखीच्या जागीं सर्व बाहेरचे. फाटकावरील वृद्ध पहारेकऱ्यानें समोरच्या हिरवळीकडे बोट करून सांगितलें, “हें खाचर आमचंच होतं.” जमीन विकणें हा त्याचा हक्क होता, आणि पैसाही त्याला मिळाला, पण आपल्याच शेतावर पगारी राखणदार होण्यापलीकडे त्याच्या नातवंडांस कांहीं मार्ग असावयास हवा.

अन्नाचेंही तसेंच. कर्जत हें भाताचें गांव. कोंकण कृषि विद्यापीठाच्या तेथील संशोधन केंद्रानें काढलेल्या ‘कर्जत’ नांवाच्या भाताच्या जाती दूरदूरच्या शेतांत पिकतात. आमच्या ताटांत मात्र परप्रांतीय व परदेशी पदार्थांची गर्दी होती, आणि तालुक्यांतील अन्न शोधूनही सांपडेना. आचाऱ्यास विचारलें तेव्हां तो म्हणाला कीं, पाहुणे मागत नाहींत. दुसऱ्या दिवशीं आम्हीं मागितलें, आणि तांदळाची भाकरी व सुक्या जवळ्याची चटणी मिळाली. ती करतांना त्याच्या मुखावर जें समाधान होतें तें आधींच्या चार जेवणांत दिसलें नव्हतें. पाहुणा मागेल तें यजमान करील; म्हणून काय मागावें हें पाहुण्यानें शिकावयास हवें.

पाहुण्यानें स्वतःवर बंधन घातलें कीं स्थळ टिकतें, याचा दाखला याच तालुक्यांत आहे. माथेरानांत आजही खासगी मोटार दस्तुरीच्या पलीकडे नेतां येत नाहीं. श्रीमंतासही तेथें पायउतार व्हावें लागतें. 2003 सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. या बंधनांमुळें पाहुणे कमी झाले नाहींत. उलट तेथील तांबड्या वाटा व दाट रान पाहण्यासाठींच लोक जातात. जें डोंगरावर साधलें तें सपाटीवरही साधणें अशक्य नाहीं.

पालकांस एवढीच विनंति आहे कीं, मुलांना अशा स्थळीं अवश्य न्यावें. पण तलाव व खेळ यांबरोबरच कोंडाण्याचीं प्राचीन लेणीं, भाताचीं खाचरें आणि जवळची वाडीही दाखवावी. वाडींत जातांना तमाशा पाहण्यास आल्यासारखें जाऊं नये. ओळखीच्या माणसासह, विचारून जावें. वाढणाऱ्यास ‘ए’ म्हणून हांक मारण्याऐवजीं त्याचें नांव विचारावें. बादलीभर पाण्यांत स्नान होतें, हें मुलांनीं आपल्या आईबापांना करतांना पाहावें. रिसॉर्ट निवडतांना खोलीच्या चित्रापेक्षां दोन प्रश्न आधीं विचारावे: पाणी कोठून आणतां, आणि गांवांतील किती माणसें कामावर आहेत? पुष्कळ पाहुणे हे प्रश्न विचारूं लागले तर मालकांना उत्तरें तयार ठेवावीच लागतील.

आणि ज्यांचीं घरें कर्जत-खालापुरांत आहेत त्या विद्यार्थ्यांनीं आपला मुलूख म्हणजे केवळ शहरवासीयांचें क्रीडांगण असें कधीं मानूं नये. माथेरानांत जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल (1912–1943) यांनीं गरीब शेतकऱ्यांस सावकाराच्या दारीं जावें लागूं नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, आणि स्वातंत्र्यासाठीं सिद्धगडावर देह ठेविला. त्या भूमीच्या मुलांनीं पाहुण्यांचें स्वागत ताठ मानेनें करावें, हिशेबाच्या मेजावर बसण्याइतकें शिकावें, आणि आपल्या विहिरींत पाणी कां राहत नाहीं हा प्रश्न ग्रामसभेंत उभें राहून विचारावा. पाहुण्यानें ऋण ओळखलें आणि यजमानानें आपला हक्क ओळखला, तर विकतच्या पाहुणचारांतही माणुसकीस जागा राहील.