सालदार बदलतो, बाग तीच राहते

तिगाव, पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यात संत्र्याच्या बागांतून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पाडव्याचे एक वेगळे महत्त्व ठाऊक असते. त्या दिवशी सालदाराचे साल संपते. जुना मनुष्य कांबळे खांद्यावर टाकून निघतो आणि नवा मनुष्य बागेत पाऊल टाकतो. नेमका हाच काळ मोठ्या नाजूकपणाचा असतो. ज्या बागेत मृग बहार धरावयाचा, तिचे पाणी उन्हाळ्यात तोडलेले असते. झाडांना ताण दिलेला असतो. पाने मलूल होतात, काही गळतात. नव्या सालदाराला हे कोणी सांगितलेले नसेल, तर त्या सुकलेल्या झाडांची त्याला दया येते आणि सद्‌बुद्धीनेच तो पाणी सोडतो. झाड तेव्हापुरते हिरवेगार दिसते, परंतु पालवीच फुटते. फूल धरत नाही, आणि वर्षाचे पीक हातचे जाते.

वाचकहो, यात दोष कोणाचा? गेलेल्या सालदाराने आपले काम चोख केले होते. आलेला आळशी नव्हता. दोष असलाच तर मालकाचा, ज्याने त्या दोघांना एक दिवस बांधावर शेजारी शेजारी उभे केले नाही. माणसे बदलणे अटळ आहे. परंतु एकाच्या हातातले काम दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोचविण्याची जबाबदारी जाणाऱ्याची किंवा येणाऱ्याची असण्यापूर्वी नेमणाऱ्याची असते. आजच्या लेखात आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते आपल्या देशाच्या महिला क्रिकेट संघाचे. या कथेत मराठी माणसे बरीच आहेत, आणि तिचा शेवटही महाराष्ट्राच्याच मैदानावर झाला.

राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक हा एका अर्थाने सालदारच. बाग त्याची नसते, फळही त्याचे नसते. तरी बहार धरणे वा न धरणे पुष्कळसे त्याच्या हाती असते. २०१८ च्या जून महिन्यात तुषार आरोठे यांनी महिला संघाचे हे पद सोडले. त्यांच्या जागी मुंबईचे माजी फिरकी गोलंदाज रमेश पोवार आले, पण ते थोड्या महिन्यांच्या मुदतीवर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेस्ट इंडीजमध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाचा उपान्त्य सामना इंग्लंडशी झाला. त्यात ज्येष्ठ फलंदाज मिताली राज यांना संघाबाहेर ठेवले गेले आणि भारत आठ गडी राखून पराभूत झाला. यानंतर जे घडले ते पराभवाहूनही दुःखद होते. मिताली राज यांनी नियामक मंडळाला पत्र लिहून आपली व्यथा मांडली. प्रशिक्षकांनी आपल्या बाजूने त्यांच्याविषयी तक्रार नोंदविली. हरमनप्रीत कौर व स्मृती मानधना यांनी प्रशिक्षकांच्या बाजूने पत्रे दिली. घरातले भांडण चव्हाट्यावर आले. ३० नोव्हेंबरला पोवार यांची मुदत संपली आणि डिसेंबरात डब्ल्यू. व्ही. रामन यांची नेमणूक झाली.

रामन यांच्या हाताखाली संघ २०२० च्या मार्चमध्ये मेलबर्न येथे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियाकडून पराभव झाला खरा, परंतु वीस षटकांच्या विश्वचषकात तेथवर पोचणे हेच तोवरच्या इतिहासात नवे होते. असे असूनही २०२१ च्या मे महिन्यात रामन गेले आणि पोवार पुन्हा आले. २०२२ च्या डिसेंबरात पोवार यांना बंगळूरच्या राष्ट्रीय अकादमीत पाठविण्यात आले. पुण्याचे हृषीकेश कानिटकर फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून आले, पण मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मात्र दहा महिन्यांहून अधिक काळ रिकामीच राहिली. याच काळात, २०२३ च्या फेब्रुवारीत, केपटाऊन येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाचा उपान्त्य सामना अवघ्या पाच धावांनी गेला. सप्टेंबरात आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळाले, ही मुलींच्या गुणवत्तेची साक्ष होय. परंतु पाच वर्षांत ज्या बागेने इतके सालदार पाहिले, तिने कोणाच्या पाण्याची सवय लावून घ्यावी?

अशा वेळी, २०२३ च्या ऑक्टोबरात, अमोल मुजुमदार यांची नेमणूक झाली. हे नाव उच्चारताच मुंबईच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना १९८८ सालचा हॅरिस शील्डचा सामना आठवतो. शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर आणि कांबळी या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे हे मुजुमदार. त्यांची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ साली मुंबईकडून रणजी स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या; प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमविल्या; २००६-०७ च्या मोसमात कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. तरी भारतीय संघाचे दार त्यांच्यासाठी कधीच उघडले नाही. ज्याने स्वतः भारताची टोपी घातली नाही, तो घातलेल्यांना काय शिकविणार, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु वाट पाहणे म्हणजे काय हे जो जाणतो, त्याला इतरांना वेळ देता येतो, हे पुढील दोन वर्षांनी दाखवून दिले.

मुजुमदार आले तेव्हा हरमनप्रीत कौर कर्णधार होत्या आणि त्याच राहिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत इंग्लंडविरुद्धची कसोटी ३४७ धावांनी, व वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी आठ गडी राखून जिंकली गेली. लगेच जानेवारीपर्यंत चाललेली एकदिवसीय मालिका ऑस्ट्रेलियाने तीन-शून्य अशी घेतली. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अमिरातीत झालेल्या वीस षटकांच्या विश्वचषकात संघ उपान्त्य फेरीही गाठू शकला नाही.

येथे थोडे थांबावे. २०१८ मध्ये उपान्त्य फेरीत हरल्यावर प्रशिक्षक गेले होते. २०२४ मध्ये तर उपान्त्य फेरीही नाही. जुन्या रीतीने पाहता मुजुमदारांची वळकटी बांधून व्हावयास हवी होती. परंतु या खेपेस मालकाने सालदार बदलला नाही. सबंध मालिकेतील सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे विचाराल, तर आम्ही या न घेतलेल्या निर्णयाकडे बोट दाखवू.

२०२५ चा विश्वचषक आपल्या देशात झाला. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन पराभव झाले; इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर केवळ चार धावा कमी पडल्या. त्या इंदूरच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज या मुंबईच्या मुलीला बाहेर बसविले होते. सात वर्षांपूर्वीच्या प्रसंगाची आठवण व्हावी अशीच ही परिस्थिती. तथापि या वेळी पत्रे निघाली नाहीत. पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली आणि न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा करून गेली. ३० ऑक्टोबरला उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ धावा केल्या, आणि भारत पाच गडी राखून जिंकला. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक मिळविला. त्या रात्री कर्णधार हरमनप्रीत आपल्या प्रशिक्षकांच्या पायांशी वाकल्या, ते दृश्य अनेकांनी पाहिले असेल. जी झाडे वठली असे वाटत होते, ती केवळ ताणावर होती.

मग केवळ धीर धरला की झाले, असे कोणी म्हणेल. तसे मात्र नाही. कधी कधी मनुष्य बदलावाच लागतो. प्रश्न कसा, हा असतो. रग्बी हा लंबगोल चेंडूचा रांगडा खेळ आपल्या भागात फारसा रुजलेला नाही, परंतु ज्या देशांत तो रुजला आहे तेथे या प्रश्नाचा विचार आपल्याहून अधिक झालेला दिसतो. आयर्लंडचे प्रशिक्षक जो श्मिट यांनी २०१८ च्या नोव्हेंबरात सांगून टाकले की, पुढील वर्षीच्या विश्वचषकानंतर आपण पद सोडणार. आणि त्याच वेळी त्यांचे सहकारी अँडी फॅरेल यांचे नाव वारस म्हणून जाहीर झाले. जवळजवळ एक वर्ष जुना आणि नवा एकाच बांधावर उभे होते. २०२३ साली फॅरेल यांच्या संघाने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतील पाचही सामने जिंकले. न्यूझीलंडनेही २०२३ च्या मार्चमध्ये, विश्वचषकाला सहा महिने असतानाच, इयान फॉस्टर यांच्यानंतर स्कॉट रॉबर्टसन येणार हे जाहीर केले. आपला वारस ठरला आहे हे ठाऊक असूनही फॉस्टर यांनी संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला आणि तो एका गुणाने हरला. जाणाऱ्या माणसाच्या कर्तव्यनिष्ठेचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. उलटपक्षी इंग्लंडने २०२२ च्या डिसेंबरात, विश्वचषक नऊ महिन्यांवर असता, एडी जोन्स यांना दूर केले; तरी नव्या स्टीव्ह बॉर्थविक यांच्या हाताखाली तो संघ तिसरा आला. म्हणजे घाईचा बदल दर वेळी बुडवितोच असे नाही. पण त्याच्या भरवशावर कोणी शहाण्याने राहू नये.

आपल्या पुरुषांच्या संघाने दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. २०१७ च्या जूनमध्ये अनिल कुंबळे यांनी पद सोडताना लिहिले की, कर्णधाराला आपली पद्धत रुचत नाही हे मंडळाने आपल्याला प्रथम सांगितले ते आदल्या दिवशी. एक वर्ष एकत्र काम केलेल्या माणसाला ही गोष्ट शेवटच्या दिवशी कळावी, यापेक्षा मोठा अपमान कोणता? जे मनात आहे ते वेळीच आणि तोंडावर सांगणे, हीही नेमणाऱ्याची जबाबदारीच. याच्या उलट चित्र पाहावे ते राहुल द्रविड यांचे. इंदूरला मराठी घरात जन्मलेल्या या गृहस्थांचा संघ २०२३ च्या नोव्हेंबरात अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. त्यांची मुदत तेव्हाच संपत होती. मंडळाने ती वाढविली, आणि सात महिन्यांनी, २०२४ च्या जूनमध्ये, बार्बाडोस येथे वीस षटकांचा विश्वचषक जिंकून ते निवृत्त झाले. पुढील महिन्यात त्यांचे उत्तराधिकारी गौतम गंभीर श्रीलंकेत पहिल्या सामन्याच्या तयारीत असताना त्यांना द्रविड यांच्या आवाजातील शुभेच्छांचा ध्वनिमुद्रित निरोप ऐकविण्यात आला. निरोप लहानसाच होता, परंतु जाणाऱ्याने येणाऱ्याला दिलेला तो आशीर्वाद संघातील प्रत्येकासाठी आश्वासन ठरला असेल: आता यांचे ऐका, मी गेलो म्हणून काही तुटलेले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्यांवर राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमण्याचा प्रसंग येईल. परंतु सोसायटीचा चिटणीस बदलतो, शाळेचे हेडमास्तर बदलतात, गायनवृंदाची पेटी एका हातातून दुसऱ्या हाती जाते, घरात सून येते आणि सासूच्या कमरेच्या किल्ल्यांचा प्रश्न उभा राहतो. अशा प्रत्येक वेळी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बदल करावयाचा तर जाणाऱ्याला तो दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नये. जागा रिकामी ठेवू नये. रिकाम्या खुर्चीभोवती कुरबूर जमते. जुन्या आणि नव्या माणसाला काही दिवस एकत्र काम करू द्यावे, म्हणजे कोणत्या झाडाला ताण दिला आहे आणि कोणते खरोखरच आजारी आहे, हे एकाने दुसऱ्याला सांगता येईल. आणि नव्या माणसाला नेमल्यावर निदान एक बहार येऊन जाईपर्यंत त्याच्या हातून पाण्याची मोट काढून घेऊ नये.

यांपैकी एकही गोष्ट पैशाने होत नाही. ती मन मोठे असल्यानेच होते. पुढच्या पाडव्याला तिगावच्या एखाद्या बागेत नवा सालदार येईल, तेव्हा मालकाने एवढेच करावे: जुन्याला एक दिवस अधिक थांबवून घ्यावे, त्या दिवसाची मजुरी द्यावी, आणि दोघांना झाडाझाडांतून एकत्र फिरून येऊ द्यावे. आषाढात फूल दिसेल, तेव्हा त्या एका दिवसाचे मोल कळेल.