कोर्नील्याचे गडगे आणि पाहुण्यांची वर्दळ

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया प्रांतात चिंक्वे तेर्रे, म्हणजे 'पाच भूमी', या नावाने ओळखला जाणारा पाच खेड्यांचा एक समूह आहे. त्यांपैकी चार खेडी समुद्राच्या काठाला चिकटून आहेत. पाचवे, कोर्नील्या, समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीच्या कड्यावर बसले आहे. प्रवासी पुस्तिका या गावाची वासलात अर्ध्या दिवसात लावतात. स्टेशनावर उतरावे, पायऱ्या चढाव्यात, कड्याच्या टोकावरून छायाचित्र घ्यावे, आइस्क्रीम खावे आणि पुढची गाडी पकडावी! या यादीत चुकीचे असे काही नाही. मात्र ज्या एका गोष्टीमुळे हे गाव कड्यावर टिकून आहे, तिचा त्या यादीत पत्ता नसतो.

पायऱ्यांची गोष्ट मात्र खरी आहे. स्टेशन खाली समुद्रालगत आणि गाव वर. मधला चढ 'लार्दारिना' नावाच्या विटांच्या जिन्याने चढावा लागतो. पायऱ्या पावणेचारशेहून अधिक. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी छोटी बस आहे. वर पोहोचल्यावर एकच मुख्य गल्ली, दोन माणसे खांद्याला खांदा लावून जेमतेम चालतील एवढी. चौदाव्या शतकातील सान पिएत्रोचे देऊळ, त्याच्या दर्शनी भिंतीवरील संगमरवरी चक्राकार गवाक्ष, आणि गल्लीच्या शेवटी सान्ता मारियाचा सज्जा. तेथून उत्तरेला व दक्षिणेला किनारा दूरवर दिसतो. गावातून खाली एका चिमुकल्या धक्क्याकडे उतरणारी वाटही आहे आणि उन्हाळ्यात खडकांवरून पाण्यात उड्या मारणारी पोरे तेथे दिसतात. एवढे पाहायला खरोखरच अर्धा दिवस पुरतो.

परंतु त्या सज्जावरून प्रवासी नेमके काय पाहतो? तो म्हणतो, निसर्ग. वास्तविक त्याच्या नजरेसमोर आहे तो श्रम. समुद्रापासून वरपर्यंत डोंगराचा उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आहे आणि प्रत्येक पायरीला चुना-माती न वापरता रचलेल्या दगडांची भिंत आहे. कोकणात अशा रचाईला गडगा म्हणतात. तिथले लोक 'मुरेत्ती आ सेक्को', म्हणजे कोरड्या भिंती, म्हणतात. सुमारे हजार वर्षांच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी डोंगर फोडून दगड काढले, ते रचले, मागच्या पोकळीत माती भरली आणि तिच्यात द्राक्षवेली लावल्या. या भिंतींची एकूण लांबी सांगताना चीनच्या भिंतीची उपमा देण्याची तेथे प्रथा आहे. उपमेचा हिशेब बाजूला ठेवला, तरी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. चीनची भिंत सम्राटांच्या आज्ञेने उभी राहिली. कोर्नील्याच्या भिंती कोणाच्याही आज्ञेवाचून, केवळ पोटासाठी उभ्या राहिल्या आणि म्हणूनच त्यांच्या बांधकऱ्यांची नावे इतिहासात नाहीत.

कोरड्या भिंतीचे शास्त्र साधे, पण कठोर आहे. पावसाचे पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जाते, त्यामुळे मागच्या मातीचा भार वाढत नाही. तथापि फट आहे म्हणून दगड हलतो, आणि दगड हलला की त्याच हिवाळ्यात तो पुन्हा बसवावा लागतो. एक दगड निखळला की चार निखळतात, चार निखळले की पायरी कोसळते आणि वरची पायरी खालचीच्या आधाराविना राहते. भिंत ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. दरवर्षी नव्याने द्यावे लागणारे ते श्रमदान आहे. द्राक्षांची पाटी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायका आणि हिवाळ्यात दगड बसवणारे पुरुष अशी या श्रमाची जुनी विभागणी होती.

हा श्रम का आटला, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाकडे जावे लागते. १८६९ मध्ये जवळच्या ला स्पेत्सिया येथे नौदलाची गोदी सुरू झाली आणि १८७४ पर्यंत किनाऱ्याने लोहमार्ग आला. ज्या शेतकऱ्याला डोंगराची पायरी सोडून जाण्याचा मार्ग नव्हता, त्याला नियमित पगाराचा मार्ग सापडला. पुढे फिलॉक्सेरा किडीने वेलींचा संहार केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांनी उरलेल्यांना ओढून नेले. यात शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. खड्या चढावर पाठीवर ओझे वाहण्यापेक्षा आठ तासांची पाळी पत्करणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे. पण त्याच्यामागे पायऱ्या ओस पडल्या, त्यांवर झुडपे माजली आणि भिंती पोटातून सुटू लागल्या.

त्याचा हिशेब २५ ऑक्टोबर २०११ रोजी चुकता झाला. काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. चिखल, दगड आणि झाडे यांचा लोंढा शेजारच्या वेर्नात्सा व मोंतेरोस्सो या गावांतून समुद्राकडे गेला. वेर्नात्सात तीन माणसे दगावली. एवढ्या पावसापुढे कोणतीही भिंत पुरी पडली असती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नंतर झालेल्या भूवैज्ञानिक अभ्यासांत असे आढळले की, कसल्या जाणाऱ्या पायऱ्यांपेक्षा टाकून दिलेल्या पायऱ्यांवर दरडी अधिक सुटल्या. कोर्नील्याहून मानारोलाकडे जाणारी किनाऱ्याची पायवाटही दरडींमुळे दीर्घकाळ बंदच राहिली.

येथेच प्रश्न पर्यटनाचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. द्राक्षमळा धरून ठेवणारा शेतकरी दोन वस्तू निर्माण करतो. एक द्राक्षे, ती तो विकतो. दुसरी म्हणजे उताराचे स्थैर्य आणि डोळ्यांना दिसणारा तो देखावा. ती त्याला विकता येत नाही, कारण ती सर्वांना आपोआप मिळते. या दुसऱ्या वस्तूची किंमत बाजारात कोणाच्या हाती पडते? खोली भाड्याने देणाऱ्याच्या, उपाहारगृह चालवणाऱ्याच्या, नौकाविहाराची तिकिटे विकणाऱ्याच्या. रिकार्डोच्या परिभाषेत हा निव्वळ खंड आहे. दृश्य एकाने राखावे आणि खिडकीचे भाडे दुसऱ्याने घ्यावे, असा हा व्यवहार आहे. कित्येकदा हे दोघे एकाच घरातले असतात हेही खरे. बाप मळ्यात आणि मुलगी पाहुण्यांच्या खोल्या पाहते. पण घरातल्या घरातही हिशेब तोच सांगतो: मळ्यातील तासापेक्षा खोलीतील तास कितीतरी अधिक कमावतो. मग बापानंतर मळा कोण धरणार?

१९९७ मध्ये युनेस्कोने हा किनारा जागतिक वारशाच्या यादीत घातला तो निसर्ग म्हणून नव्हे, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून, म्हणजे माणसाच्या हातची निर्मिती म्हणून. १९९९ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१८ मध्ये कोरड्या भिंती रचण्याच्या कलेलाही, इटलीसह आठ देशांच्या नावे, अमूर्त वारशाचा मान मिळाला. मानाची अशी रेलचेल झाली. पण मानपत्राने दगड बसत नाही.

गर्दीच्या उपायांचीही तीच गत. पाचही खेड्यांची मिळून वस्ती चार हजारांच्या आसपास आणि येणारे दरवर्षी वीस लाखांहून अधिक, असे हे प्रमाण आहे. त्यावर सुचलेला उपाय म्हणजे दर वाढवणे. २०२४ पासून या खेड्यांना जोडणाऱ्या गाडीचे परक्या प्रवाशाचे तिकीट गर्दीच्या दिवसानुसार चढउतार करू लागले. रिओमाज्जोरे ते मानारोला हा 'प्रेमपथ' २०१२ मध्ये दरड कोसळून प्रवासी जखमी झाल्यावर बंद झाला होता. अवघ्या नऊशे मीटरांच्या त्या वाटेवर दोन कोटी युरोंहून अधिक खर्च करून २०२४ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली, अर्थात वेगळे तिकीट लावून. कडा सुरक्षित करणे आवश्यकच होते. प्रश्न एवढाच की प्रेमपथासाठी जी तत्परता दिसली, ती त्याच्या डोक्यावरच्या बेवारस पायऱ्यांसाठी का दिसू नये?

दरवाढीच्या मार्गाबद्दल समाजवादी विचाराच्या माणसाने सावध असले पाहिजे. 'गर्दी' हा शब्द अनेकदा 'गरिबांची गर्दी' या अर्थाने वापरला जातो. पगारी सुट्टी ही श्रीमंतांनी दिलेली देणगी नव्हे. फ्रान्समध्ये १९३६ च्या संपांनंतर लोक आघाडीच्या सरकारने ती कायद्यात आणली. इटलीच्या संविधानाच्या ३६ व्या अनुच्छेदाने तर वार्षिक पगारी सुट्टी हा कामगाराचा हक्क ठरवून तो त्याला सोडूनही देता येणार नाही, असे म्हटले. तोरीनोचा कारखाना-कामगार रविवारी पोराबाळांसह कोर्नील्याच्या पायऱ्या चढत असेल, तर ते पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. तिकीट महाग केल्याने तो गळेल. बोटीतून उतरणारा धनिक गळणार नाही.

त्याऐवजी खंडावर हात घातला पाहिजे. ज्या खोलीचे भाडे देखाव्यामुळे वाढते, त्या भाड्यातील ठरावीक हिस्सा भिंतींसाठीच राखून ठेवावा आणि तो जो प्रत्यक्ष भिंत सांभाळतो त्याला, सांभाळलेल्या लांबीच्या मापाने, मजुरी म्हणून द्यावा. अनुदान म्हणून नव्हे, मजुरी म्हणून. कारण काम सार्वजनिक आहे. उद्यानाच्या पासातून पायवाटांची डागडुजी होते, हे चांगलेच आहे. परंतु बहुतेक भिंती खाजगी जमिनीवर आहेत आणि त्या जमिनीचे वारस जगभर पांगले आहेत. एकेका पायरीला पाच-पाच मालक, त्यांतले तीन बेपत्ता! लिगुरिया प्रांताने २०१४ मध्ये पडीक जमिनी कसणाऱ्यांकडे सोपवण्यासाठी भूमी-बँकेची तरतूद केली ती याच अडचणीपोटी. मालकी आणि कसणूक यांची फारकत करण्याचा तो प्रयत्न आहे. तो कागदावरून उतारावर यायला हवा.

सहकाराचा धागाही तेथे अपरिचित नाही. १९७३ मध्ये येथील मद्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि त्याच दशकात मानारोलाच्या वरच्या अंगाला शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ज्याच्याकडे चार पायऱ्या आहेत त्यालाही आपली द्राक्षे तेथे देता येतात. मळ्यांतून ओझे आणायला आता एका रुळावरून चालणाऱ्या छोट्या दातेरी गाड्या आहेत. जे ओझे पूर्वी बायकांच्या मानेवर होते, ते यंत्राने घेतले. येथील 'शाक्केत्रा' हे गोड मद्य द्राक्षे सावलीत आठवडेच्या आठवडे सुकवून करतात. मद्याचे नाव निघताच भुवया उंचावणाऱ्या आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी क्षणभर क्षमा करावी. बोक्काच्चोने चौदाव्या शतकात 'डेकॅमेरॉन'मध्ये कोर्नील्याच्या मद्याचा उल्लेख केला आहे, तेव्हा या मळ्यांची आणि बाजाराची ओळख जुनी आहे.

तेव्हा कोर्नील्यात करण्यासारखे काय, याचे उत्तर थोडे बदलून द्यावे लागेल. वर व्होलास्त्रा या वाडीवरून मानारोलाला उतरणारी पायवाट मळ्यांच्या मधून जाते; दोन-तीन तास लागतात. भिंतीवर चढू नये. दगड हाताने चाचपून पाहायला हरकत नाही. शक्य असेल तर रात्री मुक्काम करावा, कारण शेवटच्या गाडीने गर्दी उतरली की गाव गावकऱ्यांचे होते. मद्य, मध, तेल घ्यायचे तर पिकवणाऱ्याकडून किंवा त्याच्या संस्थेतून घ्यावे. आणि ज्याला सवड असेल त्याने ऑगस्टऐवजी हिवाळ्यात जावे. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, बरीचशी उपाहारगृहे बंद असतात, आणि उतारावर कोठेतरी दगडावर हातोडी पडल्याचा आवाज येत असतो. आवाजाच्या दिशेने पाहिले तर बहुधा साठी उलटलेला एखादा माणूस दिसतो. तो निखळलेली भिंत पुन्हा उभी करीत असतो, आणि त्या दिवसाची मजुरी त्याला कोणी देणार नसते.