प्रीतीचा जमाखर्च

कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी मावळ ओलांडून देहूला जाते, तेथून आळंदीला, आणि तुळापूरपाशी भीमेच्या पात्रात आपले नाव सोडून देते. ती भीमा पुढे जिल्ह्याच्या पूर्वभागात, दौंड तालुक्यातील केडगावच्या उत्तरेस काही कोसांवरून वाहत पंढरपूरची वाट धरते. ईश्वरावरील प्रीतीचा आणि मनुष्याच्या नित्याच्या वर्तनाचा संबंध काय, या प्रश्नाची महाराष्ट्रात जी निकराची उत्तरे दिली गेली, त्यांपैकी दोन या एकाच जलमार्गाच्या आसपास दिली गेली, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. देहूच्या तुकोबांचे उत्तर मराठी माणसास निराळे सांगावे लागत नाही. केडगावचे उत्तर, म्हणजे पंडिता रमाबाईंनी तेथील माळरानावर उभ्या केलेल्या मुक्तिसदनाचे, मात्र आपल्या वाचकवर्गाला अद्याप अर्धेच ठाऊक आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की, जे ख्रिस्ती मराठी समाजाचे स्वतःचे धन, ते त्या समाजालाही पुरते ठाऊक नाही. वास्तविक या दोन गावांत परकेपणा मानण्याचे कारण नाही. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, अशी कबुली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मोकळ्या मनाने दिलेली आहे.

आज्ञापालन म्हटले की कुरवंड्याच्या परिसरात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम शिस्तच उभी राहते. लोणावळ्याहून या बाजूस येताना नौदलाचे ‘शिवाजी’ हे केंद्र लागते. १९४५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत आरमाराच्या यंत्रशास्त्राचे शिक्षण मिळते, आणि तेथे हुकूम आणि त्याची तामिली यांच्यामध्ये चर्चेला जागा नसते, नसावीही. त्याहून जुनी आठवण १६६१ सालच्या फेब्रुवारीची. शाइस्तेखानाच्या हुकमाने कोकणावर निघालेला कार्तलबखान याच कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवरायांच्या फौजेने असा कोंडला गेला की, आपल्याच फौजेतील सरदारीण रायबागन हिचा शहाणपणाचा सल्ला मानून सारा खजिना ओतून देणे एवढाच मार्ग त्याला उरला. खानाने हुकमाची तामिली केली यात शंका नाही. परंतु शाइस्तेखानावर त्याची प्रीती होती काय, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही, आणि विचारला असता तर दोघेही खान हसले असते. फौजेला प्रीती लागत नाही. तिला भय, पगार आणि बढतीची आशा पुरेशी असते.

योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचे जे बोलणे आहे, त्यात प्रभू येशूने हा क्रमच पालटला आहे. तेथे प्रीती अगोदर येते आणि आज्ञा पाळणे हे त्या प्रीतीचे साहजिक फलित म्हणून मागून येते. आज्ञा पाळल्याच्या मोबदल्यात प्रीती मिळेल, असा सौदा तेथे नाही. हा क्रम एकदा ध्यानात घेतला म्हणजे दोन चुका टळतात. एक चूक भाविकतेची: डोळ्यांत पाणी आले, गाणे गळ्यातून उतरले, म्हणजे प्रीतीचा पुरावा मिळाला असे मानण्याची. दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आणि, माझ्या मते, अधिक घातक. ती म्हणजे देवाच्या आज्ञेच्या जागी देवाच्या नावाने बोलणाऱ्या अधिकाऱ्याची आज्ञा नकळत नेऊन बसवण्याची. रमाबाईंचे चरित्र मला विलक्षण वाटते ते याचसाठी, की त्यांनी या दोन्ही चुका ओळखल्या, आणि दुसरी ओळखताना तर स्वतःच्या नव्या धर्मबांधवांचा रोषही पत्करला.

१८५८ साली जन्मलेल्या, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येने दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि वडील बहीण एकामागून एक गमावली. कलकत्त्याच्या विद्वत्सभेने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या त्या वेळी मागे उरलेला एकच भाऊ, तोही लवकरच गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षे पुरी होण्याआधीच वैधव्य आले. पुण्यास आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा बाप्तिस्मा कोणत्या युक्तिवादाने घडला, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण रमाबाईंनी स्वतः नंतर जे निवेदन केले, त्यात युक्तिवादाला फारसे स्थान नाही. लंडनजवळच्या फुलम येथे, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा त्या भगिनी करीत होत्या. ज्यांची सावलीही कुलीन घरात पडू दिली जात नाही अशा स्त्रियांना इतक्या मायेने वागवणारी ही माणसे हे सारे कशाच्या बळावर करतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणाऱ्या येशूची कथा त्यांना वाचून दाखवण्यात आली. म्हणजे आचरण आधी दिसले आणि सिद्धांत नंतर कळला.

आणि मग त्याच भगिनींशी, त्याच चर्चच्या बिशपांशी, रमाबाईंचे वर्षानुवर्षे वाजले. त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाने तो सावकाशीने वाचण्याजोगा आहे. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांना शंका होत्या, त्या त्यांनी लपवल्या नाहीत. अंडे घातलेले पक्वान्न त्या खात नसत आणि धर्म बदलला म्हणून आहार बदलण्याची जरूर त्यांना पटली नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्या वडिलांनी आणि पतीनेही जे स्वातंत्र्य आपणांस दिले ते दूर बसलेल्या धर्माधिकाऱ्यांनी काढून घ्यावे, हे त्यांना मुळीच सहन झाले नाही. त्यांची मार्गदर्शिका सिस्टर जेराल्डीन यांना हा सारा अहंकार वाटला. नम्रतेचा अभाव वाटला. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते, की भारतातील पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. ते उतरवून लगेच दुसऱ्या पुरोहितवर्गाचे मानेवर घेण्यास मी तयार नाही. देवाची आज्ञा मी मानीन, पण ती कोणती हे मला माझ्या विवेकाने वाचून ठरवू द्या. मला विचाराल तर या वादात नम्र कोण होते, याचा निकाल पत्रांवरून लागत नाही. तो पुढल्या तीस-पस्तीस वर्षांतील कामावरून लागतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात एका बापाच्या दोन मुलांची गोष्ट आहे. बाप द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक मुलगा तत्काळ होकार देतो आणि जात नाही, दुसरा साफ नकार देतो आणि मागाहून जाऊन कामाला लागतो. बापाचे ऐकले कोणी, असा येशूचा सवाल आहे. वाँटेजच्या दफ्तरात ज्यांच्या नावापुढे नकारच नकार नोंदवले गेले, त्या रमाबाई मळ्यात गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात हिंडल्या आणि तीनशेच्या आसपास निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती. एवढी माणसे शहरात ठेवण्यास सरकारी परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या आणि तंबू ठोकण्यात आले. उपाशी मुलगी प्रथम खाऊ घालायची, मग तिच्या अंगावरची खरूज धुवायची, आणि मग तिला अक्षर शिकवायचे, हा क्रम ज्या बाईने ठरवला तिने स्वतःच्या आईला अन्नावाचून झिजताना पाहिले होते, हे विसरता कामा नये. पुढे १९०० च्या सुमारास, गुजरातेतील दुष्काळाची भर पडून, तेथे दीड हजारांहून अधिक माणसे राहत होती. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गुरे आली, माग आले, घाणी आली, छापखाना आला. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकवू लागली. आणि फुलममध्ये जे पाहिले त्याची परतफेड म्हणून ‘कृपासदन’ निघाले. रोज दीड हजार ताटे वाढायची, त्यासाठी किती पायली ज्वारी दळायची, कोणाची पाळी दळणाची आणि कोणाची गोठ्याची, हा हिशेब ज्याला ठेवावा लागतो त्याला आज्ञापालनाचा अर्थ प्रवचनकारापेक्षा पुष्कळ अगोदर कळतो.

१९०५ साली मुक्तिसदनात मोठे धार्मिक संजीवन झाले. मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडत, पश्चात्तापाने व्याकूळ होत, आणि त्याची वार्ता समुद्रापार गेली. जगातील ख्रिस्ती इतिहासकार केडगावचे नाव घेतात ते बहुधा या घटनेसाठी. त्या अनुभवाची थट्टा करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तथापि माझी नजर वारंवार जाते ती स्वयंपाकघराकडे. संजीवनाच्या त्या आठवड्यांतही गाई दुभल्या गेल्या आणि चुली पेटल्या, नाहीतर ती मंडळी जगलीच नसती. आणि ज्या मुलीने त्या रात्री प्रार्थनेऐवजी पीठ मळले तिची प्रीती उणी होती, असे म्हणण्याचा अधिकार मी कोणालाही देणार नाही.

रमाबाईंच्या बाजूने सगळेच चोख होते, असा दावाही मला करावयाचा नाही. १८८९ साली मुंबईत काढलेले आणि पुढे पुण्यास हलवलेले शारदासदन हे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर हिंदू पालकांनी आपल्या विधवा मुली तेथे पाठवल्या होत्या. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली वादळ उठले; ‘केसरी’ने कोरडे ओढले आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागारपदावरून दूर झाले. दार उघडे ठेवून प्रार्थना करणे हा धर्मप्रसार नव्हे, हे रमाबाईंचे म्हणणे प्रामाणिक होते. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली आणि हिंदूच राहिली, हेही त्यांच्या बाजूचे आहे. परंतु भरवसा ज्याने ठेवला त्याच्या दृष्टीने तो कसा पाळला गेला, हाही आचरणाचाच भाग असतो, आणि त्या पालकांची तक्रार केवळ द्वेषमूलक होती असे आजच्या ख्रिस्ती लेखकांनी लिहू नये. केडगावला उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून काम सुरू झाले, तेव्हा निदान हा संदेह तरी मिटला.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. पतीने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या पतिव्रतेच्या रूढ कल्पनेप्रमाणे पत्नीने दुसऱ्या दिवशी मागोमाग जायला हवे होते, पण त्या गेल्या नाहीत. काही वर्षे ताटातूट सोसली, सोवळे सांभाळले, भांडल्या, आणि माणसामाणसांत देवाने भेद केलेला नाही हे स्वतःच्या मनाशी पटले त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते की, त्यांच्या बाबतीत धर्मांतर घडले ते आधी पाण्याच्या तांब्यापाशी आणि मग देवळात.

कृतीने तारण विकत घेता येत नाही, हा प्रॉटेस्टंट पंथाचा आक्षेप मला ठाऊक आहे; याकोबाचे कृतींवर जोर देणारे पत्र ल्यूथरला इतके खटकले की त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले. ल्यूथरचा रोख क्षमापत्रांच्या बाजारावर होता. आपल्याकडे तो बाजार नाही; आपल्याकडील अडचण नेमकी उलट आहे, की विश्वासाने तारण होते हे एकदा ऐकल्यावर पुढचे काही ऐकण्याची गरज अनेकांना वाटत नाही.

म्हणून आता आपल्या घराकडे येतो. मावळात गेल्या दोन पिढ्यांत जमिनीचे मोल असे वाढले की डोंगराच्या उतारावर बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि शनिवार-रविवारी येथे येणाऱ्या मालकांत ख्रिस्ती मालकही आहेत. राखणदाराला महिन्याच्या महिन्यास पगार पोहोचतो की सणाला उचल देऊन मग वर्षभर कापून घेतली जाते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पावसाळ्यात चार दिवस ताप आला तर तिचे पैसे तोडले जातात की नाही. साठेखत करताना शेतकऱ्याच्या बहिणींची वारसनोंद सातबारावर लागली आहे काय, हे पाहिले जाते की अडचणीची म्हणून टाळली जाते: प्रभुभोजनाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न माझ्या मते हे आहेत. जक्कय हा जकातदार होता. येशू घरी आला तेव्हा त्याने गीत गाइले नाही, अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन असे त्याने जाहीर केले. त्याच्या भक्तीला आकडा होता. महाराष्ट्रात आपण २०११ च्या जनगणनेनुसार शेकडा एकही भरत नाही. शेजारपाजारच्या लोकांना आपला विश्वास कळतो तो व्यवहारातून. आणि लग्न ठरवताना बाप्तिस्म्याच्या दाखल्यापूर्वी पूर्वजांची जात विचारणाऱ्या ख्रिस्ती घरांचे काय म्हणावे? लक्ष्मीबाईंनी जे स्वतःशी झगडून सोडले ते आपण मुलामुलींच्या पत्रिकेत पुन्हा लिहीत आहोत.

शेवटची गोष्ट संस्थांची. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या शाळा, दवाखाने, बंगले आणि मोकळ्या जागा यांवरून राज्यात ठिकठिकाणी मंडळ्यांच्या कारभाऱ्यांत दावे चालले आहेत; धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्रे दाखल करतात. दुष्काळात आलेल्या मुलींचा हिशेब ज्या समाजातील एका विधवेने ठेवला, त्या समाजाला एका भूखंडाचा हिशेब ठेवता येऊ नये, हे लाजिरवाणे आहे. प्रत्येक मंडळीने वर्षातून एकदा, उपासनेच्या वेळीच, सर्व सभासदांपुढे मिळकतींची यादी, भाडेपट्टे, विक्री आणि चालू दावे वाचून दाखवावेत, आणि ऐकणाऱ्याला जागेवरून प्रश्न विचारण्याची मुभा असावी. त्या रविवारी पाळकांना प्रवचन आखडते घ्यावे लागले तर कोणाची तक्रार येईल असे मला वाटत नाही.