खुनी कोण? आधी पुस्तक सांगा!

मैत्रिणींनो, वर्ष संपत आलं की साड्या, सिनेमे, मालिका यांची आवडनिवड आपण हमखास काढतो. मग वर्षभर वाचलेल्या रहस्यकथांची का नको? ‘छे, तसलं कोण वाचतं!’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी दुपारी कामं आटोपली की तेच वाचतात. यात लाजायचं काय? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. पुढे सुहास शिरवळकरांच्या फिरोज इराणी आणि अमर विश्वासने वाचकांना वेड लावलं.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल तर आपल्यातलीच! १९३० साली तिची पहिली कादंबरी आली. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी ही म्हातारी पोलिसांच्या आधी खुनी ओळखते, कारण ती माणसं ओळखते. हे काम आपण रोजच करतो की!

तेव्हा वाशीमच्या मैत्रिणींनो, यंदा भिशीत प्रत्येकीने एका रहस्यकथेचं नाव सांगायचं. संशय कुणावर आला, शेवट पटला का, तेही. फक्त खुनी फोडायचा नाही! मग ती यादी वाचनालयात नेऊन द्या. ‘महिलांसाठी’ म्हणून पाककृती आणि व्रतवैकल्यांचीच पुस्तकं येतात, अशी कुरकूर आपण घरी बसून करतो. पण आपली आवड आपणच सांगितली नाही, तर ग्रंथपालांना कळणार कशी? त्यांना काही मिस मार्पल व्हायला लावू नका!