गेंड्याचे कुंपण आणि गेंड्याचा एकांत

प्राणिसंग्रहालयात गेंड्यांची पैदास करणे हा द्रव्याचा अपव्यय आणि मुक्या जिवांचा छळ होय, असे म्हणणारा एक पक्ष आहे; आणि तो निर्दय किंवा अज्ञ जनांचा नसून अरण्यावर जीव टाकणाऱ्यांचा असल्यामुळे, त्याचे म्हणणे आधी पुरतेपणी ऐकून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या पक्षाचा मुख्य पुरावा सुमात्री गेंड्याचा. दोन शिंगांची, अंगावर केस वागवणारी आणि सर्व गेंड्यांत आकाराने लहान अशी ही जात वाचवावी म्हणून 1984 ते 1996 या अवधीत 40 गेंडे जंगलातून धरण्यात आले, आणि शतक सरत आले तरी कुंपणात गर्भ राहून एकही पिल्लू जन्मले नाही. अमेरिकेस पाठविलेल्या सातांपैकी 1997 साली तीनच हयात होते. उलटपक्षी काझीरंगात, जिथे विसाव्या शतकाच्या आरंभी एकशिंगी गेंडे मूठभर उरले होते, तिथे 1908 साली जंगल राखीव झाले, पहारा बसला, आणि 2022 च्या गणतीत 2613 गेंडे भरले. तेव्हा पैसा पहाऱ्यावर खर्चावा, पिंजऱ्यावर नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

यांतील आकडे खरे आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. काझीरंगातील गेंडे एकाच विस्तीर्ण गवताळ प्रदेशात परस्परांच्या वाटेवर होते. त्यांना बंदुकीपासून वाचवणे एवढेच माणसाचे काम होते, पुढचे त्यांचे त्यांनी केले. सुमात्रात आणि बोर्निओत उरलेला गेंडा तुटक जंगलांच्या तुकड्यांत एकेकटा हिंडतो आणि नराची व मादीची गाठ वर्षानुवर्षे पडत नाही. दीर्घकाळ वीण न झालेल्या मादीच्या गर्भाशयात गाठी धरतात. मलेशियातील साबा प्रांतात 2011 साली पुंतुंग आणि 2014 साली इमान या माद्या धरल्या तेव्हा दोघींचे गर्भाशय असेच निकामी झालेले आढळले. 2019 च्या नोव्हेंबरात इमान गेली आणि मलेशियात ही जात संपली. कुंपणाने तिचे काही हिरावले नव्हते. तिचे मातृत्व अरण्यातील एकांताने आधीच नेले होते. ज्यांना अरण्य म्हणजे स्वातंत्र्य असे वाटते, त्यांनी या एका मादीच्या जिण्याचा विचार करावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

आरंभीच्या मृत्यूंचे समर्थन आम्ही करणार नाही. पाला खाणाऱ्या प्राण्यापुढे वाळले गवत टाकले गेले, ही चूकच होती. अमेरिकेतील सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयाचा इपू हा नर त्यापायी मरणाच्या दारी गेला आणि विमानाने आणविलेल्या वडवर्गीय झाडांच्या ओल्या पाल्यावर सावरला. परंतु चूक झाली म्हणून विद्याच टाकून द्यावी काय? त्याच सिनसिनाटीत टेरी रॉथ या विदुषींनी एमी नावाच्या मादीची अंतःस्थिती यंत्राच्या पडद्यावर वारंवार न्याहाळली. मादी भूल न देता उभी असावयाची आणि पडद्यावर बीजकोशातील पुटिका वाढताना दिसावयाची. त्यातून कळले ते कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते: या जातीत समागम घडल्याविना बीज सुटतच नाही, आणि अवेळी एकत्र सोडलेले नर-मादी एकमेकांवर तुटून पडतात. मग योग्य दिवस हेरून त्यांना एकत्र आणले. पाच वेळा गर्भ गेला. सहाव्या खेपेस तो टिकावा म्हणून तिला तोंडावाटे संप्रेरक दिले, आणि 13 सप्टेंबर 2001 रोजी अंदालास जन्मला. बंदिवासात असा जन्म याआधी कलकत्त्यास 1889 साली झाला होता; मध्ये 112 वर्षे गेली.

पिंजऱ्यात जन्मलेला पिंजऱ्यातच मरतो, या आक्षेपाला अंदालासनेच उत्तर दिले. 2007 साली तो पितरांच्या सुमात्रास, वाय कांबास उद्यानातील अभयारण्यात परतला. तेथील जंगली मादी रातू हिच्यापासून 2012 साली त्याला अंदातू हा मुलगा आणि 2016 साली दलाइला ही मुलगी झाली. मूळ जंगलातच घातलेले मोठे कुंपण, आत तोच पाला आणि तोच चिखल, ही व्यवस्था आम्हांस सर्वोत्तम वाटते. परदेशातील प्रदर्शनाच्या हौसेचे समर्थन आम्ही करीत नाही.

एक आक्षेप मात्र अजून उभा आहे, आणि तो आम्ही स्वतःच मांडतो. 2023 च्या नोव्हेंबरात दलाइलाला जे पिल्लू झाले, त्याचा बाप हारापान हा अंदालासचा सख्खा भाऊ, म्हणजे तिचा चुलता. इतक्या जवळच्या रक्तावर वंश फार काळ तग धरणार नाही. यावर उपाय कुंपण मोडण्याचा नसून, जंगलाच्या तुकड्यांत एकाकी पडलेले गेंडे, त्यांच्या माद्या वांझ होण्यापूर्वी, आत आणण्याचा आहे. या जातीचे अरण्यातले प्राणी आता पन्नाशीच्याही आत आहेत. ज्यांच्या हाती परवानगीचा शिक्का आहे त्यांनी तो आजच उमटवावा.