पोस्टग्रेसमधील सफाई: थोडी, पण वारंवार

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एखादी रो अपडेट केली, तरी ती जागच्या जागी बदलत नाही. तिची नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी प्रत टेबलात तशीच पडून राहते. डिलीट केलेली रोही लगेच पुसली जात नाही. ती कोणत्या ट्रान्झॅक्शनने काढली, एवढीच नोंद तिच्यावर होते. प्रत्येक प्रतीबरोबर दोन क्रमांक असतात. तिला जन्म देणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक म्हणजे ‘एक्समिन’ आणि तिला बाद करणाऱ्याचा म्हणजे ‘एक्समॅक्स’. हे दोन्ही पाहून प्रत्येक क्वेरी आपल्यापुरती कोणती प्रत ग्राह्य ते ठरवते. त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. १९९९ साली आलेल्या ६.५ आवृत्तीपासून पोस्टग्रेस असेच चालते.

ओरॅकल आणि मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन जुन्या प्रती ‘अनडू’च्या वेगळ्या जागेत ठेवतात. पोस्टग्रेस त्या टेबलातच ठेवते, म्हणून तिथे रोलबॅक जवळजवळ फुकट पडतो. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. मृत रो साचतात, टेबल आणि इंडेक्स फुगतात, आणि तेवढीच माहिती वाचायला डिस्कची जास्त पाने चाळावी लागतात. या मृत रो शोधून त्यांची जागा पुन्हा वापरासाठी मोकळी करणे हे व्हॅक्यूमचे काम. २००५ च्या ८.१ आवृत्तीत ऑटोव्हॅक्यूम मुख्य सर्व्हरचा भाग झाले आणि २००८ च्या ८.३ पासून ते मुळातच चालू असते.

सर्व्हरवर ताण आला की पहिला संशय याच ऑटोव्हॅक्यूमवर जातो. चालू प्रक्रियांच्या यादीत ते तासन्‌तास एकाच टेबलावर दिसते, डिस्कवर भार दिसतो, आणि ते बंद करण्याची सूचना पुढे येते. ही सूचना चुकीची आहे. व्हॅक्यूम तासन्‌तास चालते याचा बहुतेक वेळा अर्थ असा, की ते फार उशिरा सुरू झाले. त्यावरचा उपाय म्हणजे ते अधिक वेळा चालवणे.

उशीर का होतो, हे मूळ सेटिंगच्या हिशेबातच दिसते. टेबलातील एकूण रोंच्या २० टक्के आणि वर ५० इतक्या मृत रो झाल्या, की ऑटोव्हॅक्यूम ते टेबल हाती घेते. दहा हजार रोंच्या टेबलाला हे ठीक आहे. ५० कोटी रोंच्या व्यवहार-टेबलात मात्र १० कोटी मृत रो साचेपर्यंत कोणी फिरकत नाही. १८ व्या आवृत्तीने या उंबरठ्याला १० कोटींची कमाल मर्यादा घातली. पण या उदाहरणातल्या टेबलाला तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण त्याचा उंबरठा आधीच तिथे आहे. अशा टेबलापुरता हा २० टक्क्यांचा वाटा, म्हणजे ‘स्केल फॅक्टर’, ०.०१ केला, तर ५० लाख मृत रो होताच सफाई सुरू होते. हा बदल ‘अल्टर टेबल’ने एकाच टेबलावर करता येतो, आणि तसाच करावा. साऱ्या सर्व्हरला एकच आकडा लावून लहान-मोठ्या टेबलांना एका मापाने मोजण्यात काही लाभ नाही.

उशिराची दुसरी किंमत इंडेक्सवर पडते. व्हॅक्यूम आधी टेबल चाळून मृत रोंचे पत्ते मेमरीत गोळा करते, मग त्या टेबलाचा प्रत्येक इंडेक्स पूर्ण तपासून ते पत्ते काढते. १६ व्या आवृत्तीपर्यंत एका पत्त्याला ६ बाइट लागत. मूळ सेटिंगच्या ६४ एमबी मेमरीत सुमारे १.१ कोटी पत्ते मावतात. म्हणजे १० कोटी मृत रोंसाठी प्रत्येक इंडेक्स नऊ वेळा चाळावा लागतो. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीने ही साठवण फार आटोपशीर केली. जुन्या आवृत्तीवर असलेल्यांनी या मेमरीचे ‘मेंटेनन्स वर्क मेम’ हे सेटिंग वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वेगाचाही प्रश्न आहे. बाकीच्या कामाला त्रास होऊ नये म्हणून ऑटोव्हॅक्यूम मध्ये मध्ये थांबते. प्रत्येक पानाला काही गुण मोजले जातात आणि २०० गुण झाले की विश्रांती. १२ व्या आवृत्तीपूर्वी ही विश्रांती २० मिलिसेकंदांची होती, नंतर २ मिलिसेकंदांची झाली. बदललेल्या पानाला २० गुण लागतात, म्हणजे एका खेपेला दहा पाने. आठ केबीच्या पानांनी हिशेब केला, तर आज सेकंदाला जास्तीत जास्त ४० एमबीच्या आसपास पाने बदलता येतात; पूर्वी हा आकडा ४ होता. आधुनिक एसएसडीपुढे ४० एमबीही फार नाही, त्यामुळे मर्यादा २०० वरून १००० किंवा त्याहून वर नेण्यास हरकत नसते. इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. नुसते ऑटोव्हॅक्यूमचे वर्कर तीनवरून सहा केल्याने सफाई दुप्पट होत नाही, कारण ही मर्यादा चालू वर्करमध्ये वाटली जाते. वर्कर वाढले आणि मर्यादा तीच राहिली, तर प्रत्येक वर्कर तेवढाच मंदावतो.

हे सर्व जुळवूनही मृत रो हलत नसतील, तर दोष सफाईत नसतो. एखादे जुने ट्रान्झॅक्शन उघडे असेपर्यंत, ते सुरू झाल्यानंतर मेलेली कोणतीही रो काढता येत नाही. न जाणो, त्याला ती पाहावी लागली तर? अॅप्लिकेशनने काहीतरी लिहिले, कमिट केलेच नाही आणि कनेक्शन तसेच सोडले, की त्या एका कनेक्शनपायी त्या डेटाबेसमधील सगळ्या टेबलांची सफाई खोळंबते. व्हॅक्यूम चालते, डिस्क वापरते आणि रिकाम्या हाताने परतते. ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक’ चालू असेल, तर रेप्लिकावरची लांबलेली रिपोर्टची क्वेरीही मूळ सर्व्हरवर हाच परिणाम घडवते. ट्रान्झॅक्शनमध्ये निष्क्रिय बसलेली कनेक्शन ठरावीक वेळेनंतर तोडणारे सेटिंग २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. पण मुळात ते बंद असते. व्यवहार नोंदवणाऱ्या कोणत्याही सर्व्हरवर ते चालू असलेच पाहिजे.

मुळात कचराच कमी व्हावा, अशी सोयही पोस्टग्रेसमध्ये आहे. ८.३ मध्ये आलेल्या ‘हीप ओन्ली टपल’ अर्थात ‘हॉट’ या तंत्राचे श्रेय प्रकाशन-टिपणात पवन देवलसी यांना दिलेले आहे. ज्या एंटरप्राइजडीबी कंपनीत ते तेव्हा होते, तिचे मोठे कार्यालय पुण्यात आहे. अपडेटमध्ये इंडेक्स असलेला कोणताही कॉलम बदलला नाही आणि त्याच पानात जागा असली, तर नवी प्रत तिथेच बसते, इंडेक्सला हात लागत नाही, आणि मृत प्रत व्हॅक्यूमची वाट न पाहता साध्या वाचनाच्या ओघातही आवरली जाते. पोस्टग्रेसच्या इतिहासात इतक्या शांतपणे इतका फायदा देणारे बदल थोडे. पण टेबलाचा फिलफॅक्टर मुळात १०० असतो, म्हणजे पाने काठोकाठ भरली जातात. सतत अपडेट होणाऱ्या टेबलात तो ८५ ते ९० ठेवावा. ‘शेवटचा बदल कधी’ हे नोंदवणाऱ्या कॉलमवर सवयीने इंडेक्स टाकला, तर मात्र हा लाभ पूर्ण जातो, कारण प्रत्येक अपडेटला तो कॉलम बदलतोच.

आधीच बेसुमार फुगलेल्या टेबलाला साधे व्हॅक्यूम पुरत नाही. ते जागा मोकळी करते, पण शेवटची रिकामी पाने सोडली, तर फाइल लहान करत नाही. ‘व्हॅक्यूम फुल’ टेबल नव्याने लिहून फाइल लहान करते. तोवर मात्र त्या टेबलावर साधे सिलेक्टही चालत नाही. दिवसा चालणाऱ्या सेवेसाठी ‘पीजी रीपॅक’ हे वेगळे साधन बरे. त्यालाही तात्पुरती तेवढीच जास्तीची डिस्क लागते, पण त्याचे कडक लॉक क्षणभराचे असते.

या सगळ्याहून गंभीर बाब ट्रान्झॅक्शन क्रमांकांची आहे. ते ३२ बिटांचे असून चक्राकार मोजले जातात. कोणत्याही क्षणी मागचे सुमारे २१४ कोटी क्रमांक भूतकाळ आणि पुढचे तितकेच भविष्य मानले जातात. जुन्या रो वेळेत ‘फ्रीझ’ केल्या, म्हणजे कायमच्या भूतकाळातल्या ठरवल्या नाहीत, तर त्या भविष्यातल्या ठरून दिसेनाशा होतील. म्हणून टेबलाचे वय २० कोटी ट्रान्झॅक्शन झाले, की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेले असले तरी सक्तीची सफाई सुरू होते, आणि ती इतर लॉकसाठी वाट सोडत नाही. १४ व्या आवृत्तीपासून वय १६० कोटींवर गेले, की व्हॅक्यूम विश्रांती आणि इंडेक्सची साफसफाई दोन्ही सोडून फक्त फ्रीझ करते. ४ कोटी क्रमांक उरले की इशारे येतात. ३० लाख उरले की सर्व्हर नवा क्रमांक देणे थांबवतो, म्हणजे लेखन बंद. जुलै २०१५ मध्ये सेंट्री आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल सेवा याच कारणाने विस्कळीत झाली. दोघांनी त्याची हकीकत स्वतः प्रसिद्ध केली.

लेखन थांबल्यावर सर्व्हर बंद करून सिंगल यूझर मोडमध्ये जाण्याचा जुना सल्ला आता लागू नाही. आधी उघडी राहिलेली जुनी ट्रान्झॅक्शन, विसरलेली प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन आणि सोडून दिलेले रेप्लिकेशन स्लॉट शोधून मोडावेत. मग चालू सर्व्हरवरच, सर्वांत जास्त वयाच्या टेबलापासून, साधे व्हॅक्यूम चालवावे. ‘व्हॅक्यूम फुल’ इथे वापरू नये. त्याला स्वतःलाच नवा क्रमांक लागतो, आणि तो मिळत नाही.